विश्वनाथन आनंद: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळाच्या वर्गाबाहेर मुलांची वाट बघत उभे असलेले आईवडील, 'आमच्या वेळी बुद्धिबळ म्हणजे फक्त आनंद' म्हणणारे आजोबा, आणि गुकेशला टीव्हीवर बघून पट मांडायला बसलेली पोरं, या तिघांचे प्रश्न वेगवेगळे असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

त्याचं नाव नक्की काय? विश्वनाथन की आनंद?

आनंद. विश्वनाथन हे वडिलांचं नाव. आपण वडिलांचं नाव मध्ये लिहितो, तमिळ पद्धतीत ते पुढे येतं. परदेशी लोकांना ही पद्धत ठाऊक नव्हती. त्यांनी पहिलं नाव तेच हाक मारायचं नाव समजून त्याचं 'विशी' केलं आणि जगभर तेच रूढ झालं. म्हणजे जग त्याला लाडाने हाक मारतं ती त्याच्या वडिलांच्या नावाने.

तो बुद्धिबळ कुठे आणि कुणाकडून शिकला?

आईकडून, सहाव्या वर्षी. ११ डिसेंबर १९६९ रोजी मयिलादुतुराई इथे त्याचा जन्म झाला आणि तो मद्रासमध्ये वाढला. वडील रेल्वेत अधिकारी, आई सुशीला. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात माजी जगज्जेता मिखाइल ताल याच्या नावाचा एक क्लब होता, तिथे आई त्याला घेऊन जायची.

पुढे वडिलांच्या कामामुळे कुटुंब काही काळ फिलिपिन्सला, मनिलात राहिलं. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा आणि शेवटी एक कोडं दिलं जायचं. आनंद तेव्हा शाळेत. आई कोडं लिहून ठेवायची, संध्याकाळी दोघं मिळून ते सोडवायचे आणि उत्तर पाठवायचे. बक्षीस म्हणून पुस्तक मिळायचं. या मुलाने इतकी बक्षिसं नेली की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी त्याला बोलावून सांगितलं, हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नकोस.

मला ही गोष्ट सांगायला आवडते ती त्या आईसाठी. घरात ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातला सर्वांत वरचा किताब मिळवलेला खेळाडू, नव्हता. देशातही नव्हता. दुपारच्या कामातून वेळ काढून, मुलाच्या वतीने कागदावर सोंगट्यांच्या जागा टिपून घेणारी एक बाई होती.

त्याला 'लायटनिंग किड' का म्हणायचे?

कारण तो विजेसारखा खेळायचा. प्रतिस्पर्धी एका चालीवर अर्धा तास डोकं धरून बसलेला असायचा आणि आनंदचा अख्खा डाव अर्ध्या तासात उरकायचा.

याचं मूळ ताल क्लबमध्ये सापडतं. तिथे झटपट डाव रंगायचे आणि नियम साधा होता: जिंकला तो बसून राहणार, हरला तो उठून रांगेच्या शेवटी जाणार. रांग मोठी असे. जागा सोडायची नसेल तर पटकन आणि बरोबर खेळावं लागे. लहान वयात अशी सवय लागली की हात आणि डोकं एकत्र चालू लागतात. नंतर प्रशिक्षकांनी त्याला थांबून विचार करायला शिकवलं, पण तो मूळचा वेग गेला नाही. पुढे २०१० आणि २०१२ मध्ये त्या वेगाचा त्याला कसा उपयोग झाला, ते खाली येईलच.

भारताचा पहिला ग्रँडमास्टर होणं एवढं मोठं का मानायचं?

त्या काळी काय नव्हतं, ते आधी बघा. १९८७ मध्ये फिलिपिन्सच्या बागिओ शहरात तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला, असा पहिलाच भारतीय. त्यानंतर लगेच कोइंबतूरची स्पर्धा जिंकून तो ग्रँडमास्टर झाला. वय १८. दुसरा भारतीय ग्रँडमास्टर, दिव्येंदू बरुआ, १९९१ मध्ये झाला. तिसरे आपले मुंबईचे प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये. म्हणजे दहा वर्षांत तीन.

सोव्हिएत खेळाडूच्या मागे शाळा, प्रशिक्षक, सरकारी पगार आणि दर आठवड्याला तगडे प्रतिस्पर्धी असत. आनंदकडे यातलं काहीच नव्हतं. सरावासाठी आपल्यापेक्षा बलवान माणूस शोधायचा तर विमान पकडावं लागे. पुढे तो बरीच वर्षं स्पेनमध्ये राहिला, कारण मोठ्या स्पर्धा युरोपात होत्या. त्याने संगणकाचा आणि डावांच्या डेटाबेसचा हात लवकर धरला, त्यामागेही हीच गरज होती. मॉस्कोत जे ज्ञान माणसांकडून मिळायचं, ते त्याने यंत्रातून मिळवलं.

१९९५ मध्ये तो कास्पारॉव्हकडून का हरला?

तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याच्याशी जगज्जेतेपदाची ही लढत न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर झाली. पहिले आठही डाव बरोबरीत. नवव्यात आनंद जिंकला आणि पुढे गेला. इथपर्यंत सगळं छान होतं.

दहाव्या डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी ओपन स्पॅनिश हाच बचाव पुन्हा मांडला. कास्पारॉव्ह घरून एक भयंकर नवी कल्पना घेऊन आला होता. त्याने हत्तीचा बळी देऊन आनंदला चिरडलं. अकराव्यात त्याने सिसिलियन बचावातला 'ड्रॅगन' हा प्रकार काढला, ज्याची आनंदने अपेक्षाच केली नव्हती. दहावा ते चौदावा या पाच डावांतले चार कास्पारॉव्हने जिंकले. अंतिम निकाल १०.५–७.५.

माझ्या मते हा आनंदच्या कारकिर्दीतला सर्वांत उपयोगी पराभव. जगज्जेतेपदाची लढत पटावर बसण्याआधी काही महिने, बंद खोलीत, मदतनिसांबरोबर सुरू होते, हे त्याला तिथे कळलं. बॉनच्या प्रश्नात याचा दुसरा अर्धा भाग आहे.

लोझानमध्ये त्याच्यावर अन्याय झाला होता का?

हो, झाला होता. डिसेंबर १९९७ मध्ये हॉलंडच्या ग्रोनिंगेनला जगज्जेतेपदासाठी बाद फेरीची लांबलचक स्पर्धा झाली. आनंद फेरीमागून फेरी जिंकत गेला, शेवटी मायकेल अॅडम्सला हरवलं. मग जवळपास विश्रांतीच नाही, आणि जानेवारीच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला अनातोली कारपोव्हशी अंतिम लढत. कारपोव्ह मात्र नियमानेच थेट अंतिम फेरीत, ताजातवाना. तरीही सहा डावांनंतर ३–३ बरोबरी झाली. बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत मात्र दमलेला आनंद दोन्ही हरला.

हा नियम कुणाच्याही बाबतीत चुकीचाच ठरला असता. आनंदने यावर आयुष्यभर रडगाणं गायलं नाही, ते त्याचं मोठेपण. पण म्हणून आपण त्याला न्याय्य म्हणायचं कारण नाही.

तो नक्की किती वेळा जगज्जेता झाला? २००० सालचा किताब धरायचा का?

पाच वेळा: २०००, २००७, २००८, २०१० आणि २०१२.

घोळ होतो तो १९९३ मुळे. त्या वर्षी कास्पारॉव्ह आणि नायजेल शॉर्ट यांनी जागतिक संघटना 'फिडे'शी फारकत घेऊन आपली लढत वेगळी खेळली. तेव्हापासून २००६ पर्यंत जगात दोन किताब होते. आनंदने २००० मध्ये जिंकला तो फिडेचा. नवी दिल्लीत बाद फेऱ्या आणि तेहरानमध्ये अंतिम लढत. तिथे अलेक्सी शिरोवला त्याने ३.५–०.५ असं हरवलं. त्याच वर्षी लंडनला रशियाच्या व्लादिमिर क्रॅमनिकने कास्पारॉव्हकडून दुसरा किताब घेतला होता. त्यामुळे २००० मध्ये 'जगात एकटा आनंदच जगज्जेता' असं म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं. २००७ ते २०१३ या काळात मात्र एकच किताब होता आणि तो त्याच्याकडे होता.

पण मोजणीपेक्षा मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. २००० ची स्पर्धा बाद पद्धतीची. २००७ ची मेक्सिको सिटीत आठ जणांची साखळी, जी त्याने एकही डाव न हरता १४ पैकी ९ गुणांनी जिंकली. २००८ पासून समोरासमोरच्या लढती. तिन्ही प्रकारांना लागणारं अंग वेगळं. बाद फेरीत एक वाईट दुपार घरी पाठवते, साखळीत सातत्य लागतं, आणि लढतीत एकाच माणसाच्या डोक्यात शिरून बसावं लागतं. हे तिन्ही जमलेला दुसरा जगज्जेता नाही.

बॉनमधली २००८ ची लढत एवढी का नावाजली जाते?

कारण तिथे आनंदने स्वतःलाच बदललं.

पार्श्वभूमी अशी. मेक्सिकोत क्रॅमनिकने किताब साखळीत गमावला होता. खरा जगज्जेता लढतीतून ठरतो, आणि आनंदकडे किताब तात्पुरता उसना आहे, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता. बॉनला हा हिशेब मिटणार होता. क्रॅमनिक म्हणजे कास्पारॉव्हला लढतीत एकही डाव जिंकू न देणारा माणूस, तटबंदीच जणू.

आनंद लहानपणापासून राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलून डाव सुरू करणारा. क्रॅमनिकची सगळी तयारी त्यावर बेतलेली असणार हे उघड होतं. आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनी वजिरापुढचं प्यादं ढकललं! वयाच्या ३८ व्या वर्षी, किताब पणाला लागलेला असताना, आयुष्यभराची सवय बाजूला ठेवून. ज्यांनी कधी लढतीची तयारी केली असेल त्यांना याचा अर्थ कळेल: शेकडो नव्या स्थिती, नवे सापळे, नव्या शेवटांचा अभ्यास, सगळं शून्यापासून.

आणि काळ्या मोहऱ्यांनी? तिथे तो क्रॅमनिकच्याच अंगणात शिरला. डावाच्या सुरुवातीच्या मेरान नावाच्या प्रकारातला एक धारदार, धोकादायक फाटा त्याच्या चमूने शोधून ठेवला होता. पीटर हायने नील्सन, रुस्तम कासिमजानोव्ह, सूर्यशेखर गांगुली आणि रादोस्लाव वोयताशेक हे ते चौघं. तिसरा डाव आनंदने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. पाचव्यात पुन्हा तोच फाटा आला आणि तोही जिंकला. सहाव्यात पांढऱ्याने जिंकला. सहा डावांत तीन विजय, क्रॅमनिकसमोर! दहावा तो हरला. अकराव्यात, बरोबरी पुरेशी असताना, तो आपल्या जुन्या राजापुढच्या प्याद्याकडे परतला आणि लढत ६.५–४.५ अशी संपवली.

१९९५ मध्ये कास्पारॉव्हने जे त्याच्याशी केलं, तेच तेरा वर्षांनी त्याने क्रॅमनिकशी केलं. धडा गिरवायला इतकी वर्षं देणारा खेळाडू मला दुसरा माहीत नाही.

ज्वालामुखीमुळे तो मोटारीने लढतीला गेला, हे खरं का?

खरं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली. आनंद फ्रँकफर्टला अडकला आणि लढत होती बल्गेरियात सोफियाला, व्हेसेलिन टोपालोव्हच्या घरच्या मैदानावर. ऑस्ट्रिया, हंगेरी, रोमानिया करत सुमारे ४० तासांचा रस्त्याचा प्रवास करून तो पोहोचला. त्याने तीन दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली होती. एक दिवस मिळाला.

पहिला डाव तो हरला. दुसऱ्यात परतफेड केली, चौथ्यात पुढे गेला, आठव्यात पुन्हा हरला. अकरा डावांनंतर बरोबरी. शेवटच्या बाराव्या डावात काळ्या मोहऱ्या आनंदकडे. हा डाव बरोबरीत सुटला असता तर जलद डाव आले असते, आणि जलद डावांत आनंदशी गाठ नको हे टोपालोव्हला ठाऊक होतं. म्हणून त्याने ताणलं, स्वतःच्या राजासमोरची प्यादी हलवून बसला, आणि मोकळ्या झालेल्या तिरक्या रेषेवरून आनंदचा वजीर आत घुसला. ताल क्लबमधली ती रांग अशी तीस वर्षांनी कामाला आली. न खेळलेल्या जलद डावांनी आनंदला किताब राखून दिला!

या लढतीच्या तयारीत कास्पारॉव्ह, क्रॅमनिक आणि नॉर्वेचा तरुण मॅग्नस कार्लसन या तिघांनी त्याला मदत केली होती. आपल्या प्रतिस्पर्ध्यांना असं मदतीला यावंसं वाटणं, ही त्या माणसाच्या स्वभावाची पावती आहे.

२०१२ ची लढत कंटाळवाणी होती का?

बऱ्याच लोकांना तशी वाटली. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात बोरिस गेलफंडविरुद्धचे पहिले सहा डाव बरोबरीत सुटले. सातवा गेलफंडने जिंकला. आणि दुसऱ्याच दिवशी आनंदने १७ चालींत त्याला हरवलं. जगज्जेतेपदाच्या लढतींमधला हा निकाली लागलेला सर्वांत छोटा डाव. बारा डावांनंतर ६–६ आणि जलद डावांत आनंद २.५–१.५ ने सरस. दोघंही चाळिशीपलीकडचे, दोघंही एकमेकांना वीस वर्षं ओळखणारे. असे दोघे समोरासमोर आले की बाहेरून शांतताच दिसते.

कार्लसनकडून तो दोनदा हरला. वय झालं होतं का?

वय हे एक कारण. नोव्हेंबर २०१३ मध्ये चेन्नईला, घरच्या लोकांसमोर, आनंद ४३ वर्षांचा होता आणि कार्लसन २२ चा. पण आणखी एक कारण होतं. आनंदची ताकद सुरुवातीच्या तयारीत होती. कार्लसनने ती सुरुवातच बाजूला ठेवली: साधी, सपाट स्थिती घ्यायची आणि पाच-सहा तास पिळत राहायचं. पाचवा आणि सहावा डाव असेच, पटावर जवळपास हत्ती आणि प्यादीच उरलेल्या शेवटात गेले. नवव्यात आनंदने सगळं पणाला लावून हल्ला चढवला आणि २८ व्या चालीला घोडा चुकीच्या घरात ठेवला. एकही डाव न जिंकता ३.५–६.५.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या पुढच्या स्पर्धेत खेळायचंही त्याच्या मनात नव्हतं; क्रॅमनिकने आग्रह केला. तो मार्च २०१४ मध्ये खांटी-मानसिस्कला गेला आणि एकही डाव न हरता, एक फेरी बाकी असतानाच जिंकला. त्याच वर्षी सोचीला पुन्हा कार्लसन. तिसरा डाव आनंदने जिंकला. सहाव्यात कार्लसनने २६ व्या चालीला राजा पटावरच्या डी२ या घरात नेला, ती घोडचूक होती. आनंदने घोड्याने ई५ वरचं प्यादं मारलं असतं तर डाव पालटला असता. त्याने जवळपास लगेच दुसरंच प्यादं पुढे सरकवलं. निकाल ४.५–६.५.

त्यानंतर तो संपला असं म्हणतात, ते बरोबर का?

नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या स्पर्धेत तो तळाला राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस, ४८ व्या वर्षी, रियाधला जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला आणि वाटेत कार्लसनला हरवलं. कनिष्ठ जगज्जेता झाल्याला तेव्हा ३० वर्षं झाली होती.

पुरस्कार कोणते मिळाले?

१९९१–९२ चा पहिला राजीव गांधी खेलरत्न त्याला मिळाला. पद्मविभूषण मिळालेला तो पहिला खेळाडू. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बुद्धिबळाचा ऑस्कर सहा वेळा. खेळाडूची ताकद मोजणाऱ्या गुणांकनात २८०० ओलांडणारा तो इतिहासातला चौथा खेळाडू. ४५३८ क्रमांकाच्या एका लघुग्रहालाही त्याचं नाव आहे, मुलांना हे फार आवडतं.

गुकेशच्या यशात आनंदचा वाटा किती?

२०१३ ची चेन्नईची लढत बघायला प्रेक्षकांत सात वर्षांचा गुकेश होता. काचेपलीकडे त्याच्या शहराचा माणूस हरत होता. ११ वर्षांनी, १२ डिसेंबर २०२४ रोजी, सिंगापूरला डिंग लिरेनला ७.५–६.५ हरवून गुकेश १८ व्या वर्षी जगज्जेता झाला. हरलेल्या लढतीतूनही कुणीतरी काहीतरी उचलून घेतं, ते असं.

यात थेट मदतही होती. डिसेंबर २०२० मध्ये आनंदने होतकरू मुलांसाठी अकादमी सुरू केली; गुकेश, प्रज्ञानंद, निहाल सरीन, नागपूरचा रौनक साधवानी हे त्यात होते. प्रत्येकाचे आपापले प्रशिक्षक आहेतच, त्यांचं श्रेय आनंदला देऊ नये. त्याने दिलं ते वेगळं: हरल्यावर दुसऱ्या दिवशी कसं बसायचं, लढतीच्या आधी झोप कशी सांभाळायची, हे स्वतः भोगलेल्या माणसाकडून ऐकायला मिळणं.

१९८६ पासून भारताच्या क्रमवारीत आनंद पहिला होता. सप्टेंबर २०२३ च्या यादीत गुकेश त्याच्या पुढे गेला. ३७ वर्षं!

महाराष्ट्र आणि गोव्याशी त्याचा काय संबंध?

तो आपला नाही, चेन्नईचा आहे, हे आधी मान्य करू. आपली परंपराही स्वतंत्र आहे. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई महिला विजेती झाली तेव्हा आनंद अकरा वर्षांचा होता.

पण धागे जुळत गेले. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, भारताने रशियासह संयुक्त सुवर्ण मिळवलं, तेव्हा नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता आणि आनंद त्याच्या संघात खेळत होता. नागपूरची दिव्या देशमुख आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी याही त्याच संघात. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं; विदित आणि दिव्या त्यात, आणि महिलांचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. जुलै २०२५ मध्ये दिव्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. आणि त्याच वर्षी विश्वचषक गोव्यात भरला, तेव्हा विजेत्याच्या चषकाला 'विश्वनाथन आनंद चषक' असं नाव दिलं गेलं. पहिल्यांदा तो उंचावला उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्हने.

कास्पारॉव्ह किंवा कार्लसनपेक्षा आनंद मोठा का?

निव्वळ वर्चस्व मोजलं तर नाही. कास्पारॉव्हने त्याला अनेकदा हरवलं, कार्लसनने किताब घेतला. पण या दोघांनाही खेळाची परंपरा किंवा संगणकाचं युग तयार मिळालं. आनंद कारपोव्हच्या पिढीशी खेळला, कास्पारॉव्हच्या, क्रॅमनिकच्या, कार्लसनच्या आणि मग स्वतःच्या शिष्यांच्याही. दर दहा वर्षांनी बुद्धिबळ बदललं आणि तो त्याच्याबरोबर बदलला. माझ्या लेखी या एका गोष्टीत त्याची बरोबरी कुणाला नाही.

मुलांना त्याचे कोणते डाव आधी दाखवावेत?

सुरुवात २०१२ च्या आठव्या डावाने करा. १७ चाली मुलं एका बैठकीत मांडू शकतात. गेलफंडचा वजीर कोपऱ्यातला हत्ती खायला जातो आणि तिथून परत बाहेर येत नाही. हावरट वजिराचं काय होतं ते शब्दांत सांगावं लागत नाही.

मग २०१३ चा हॉलंडमधल्या विक आन झी इथला, आर्मेनियाच्या लेवोन आरोनियनविरुद्धचा डाव, आनंदकडे काळ्या मोहऱ्या. १९०७ च्या रोटलेवी–रुबिनस्टाइन या गाजलेल्या डावाची आठवण यावी अशी उंटांची आणि घोड्यांची धाव आहे त्यात. हा घाईने दाखवू नका. प्रत्येक चालीपाशी थांबून 'आता काय?' विचारा आणि मुलांना चुकू द्या.

आणि तिसरा सोचीचा सहावा डाव. २६ व्या चालीपाशी पट तसाच ठेवा आणि काळ्याची चाल शोधायला सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी दहा वर्षांचं पोरगं ते ई५ वरचं प्यादं मारतं. मग त्याला सांगा, ही चाल आनंदला दिसली नव्हती.